बसणाऱ्याचे नव्वद वॅट

सोमवार, ३

पोचले. दोन बॅगा, हत्यारांची पेटी आणि ताईनं बळेच हातात कोंबलेली ही वही. ताईचं म्हणणं असं की फोनवर मी सगळं "बरं चाललंय" एवढ्यावर गुंडाळते, तेव्हा निदान वहीत तरी खरं लिहावं, म्हणजे भेटल्यावर ती वाचेल. आई गेल्यापासून ताईच आई, त्यामुळे हुकूम मोडायची सोय नाही.

नोकरी झकास आहे. गेम खेळणाऱ्यांसाठी ऑर्डरप्रमाणे कॉम्प्युटर जोडून द्यायचे. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला काचवाला, मधे आमचं वर्कशॉप. पुढच्या खोलीत काउंटर आणि सुट्या भागांची फळी, मागच्या खोलीत चाचणी, वर माझी खोली. मालक पूर्वी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. अजूनही बेरजा भिंतीवर खडूनं करतात.

फोनवरच्या मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, मशीन जोडताना तुझं पहिलं लक्ष कशाकडे? बाकीचे म्हणे ग्राफिक्स कार्ड म्हणाले. मी म्हटलं, पॉवर सप्लायकडे. आधी सगळं कागदावर मांडायचं आणि सप्लायला सगळ्यांचं पोट भरता येईल का ते बघायचं. उंची कार्ड आणि लेचापेचा सप्लाय म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मास्तर हसले आणि सोमवारी ये म्हणाले.

मास्तरांच्या बायकोला, काकूंना, मागच्या खोलीत भेटले. चालू मशीनशेजारी आरामखुर्चीत बसून विणत होत्या. मशीनच्या गरम हवेनं मला घाम फुटत होता आणि काकूंच्या अंगात दोन स्वेटर. मी विचारलं, तिसरा विणताय का? त्या हसल्या नाहीत. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, किती गरम आहे गं. मग बराच वेळ सोडलाच नाही.

मंगळवार, ४

पहिलं काम मिळालं. काकूंशेजारच्या त्या मशीनला नवा सप्लाय निवडायचा. अकरा महिन्यांपूर्वी एका गिऱ्हाईकानं ते जोडायला दिलं, त्यात स्वतःकडचं वापरलेलं कार्ड बसवायला लावलं आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. जोडलं काकूंनी. तेव्हा लावलेला सप्लाय कमी पडतो, असं मास्तर म्हणाले.

इथे प्रत्येक मशीनचा एक छापील फॉर्म असतो. कुठला भाग किती वॅट खातो ते ओळीनं लिहायचं, बेरीज करायची, वर वीस टक्के धरायचे, खाली सही करायची. वीस टक्के उसळीचे. गेममध्ये एकदम मोठा स्फोट झाला की कार्ड क्षणभर दुपटीनं वीज ओढतं, त्यासाठी ते राखून ठेवतात आणि एरवी त्यांना हात लावत नाहीत. मग सही करणाऱ्यानं मशीनशेजारी बहात्तर तास काढायचे. मशीन पूर्ण भारावर चालतं, तो मीटर बघतो. याला इथे बैठक म्हणतात. ज्याची सही त्याची बैठक.

माझी मांडणी अशी. कार्ड ३५०, प्रोसेसर १५०, बोर्ड आणि मेमरी ६०, डिस्क-पंखे-पंप मिळून ५०. झाले ६१०. वीस टक्के धरले की ७३२, म्हणजे साडेसातशेचा सप्लाय फक्कड. खाली आणखी एक छापील ओळ होती, "बसणारा – ९०". मला हसूच आलं. माणूस नुसता बसला तरी शंभरेक वॅट उष्णता टाकतो हे मीही शाळेत शिकलेय, पण तो जेवणावर चालतो, आमच्या सप्लायवर नाही. ती ओळ धरायची तर बेरीज सातशे आणि सप्लाय साडेआठशेचा. मास्तरकीची खोड समजून मी ओळीवर काट मारली आणि शेजारी लिहिलं, "बसणारी आपला डबा आणेल."

मास्तरांनी ती काट पाहिली. काहीतरी बोलतील असं वाटलं. मग मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, फॉर्म मला परत दिला आणि म्हणाले की सही तुझी, तू ठरव.

बुधवार, ५

सकाळी सप्लाय बदलला. मास्तरांनी मशीन बंद केलं तेव्हा काकू खुर्चीतच होत्या. झोप म्हणावी तर केवढी गाढ. मान एका अंगाला पडलेली, हातातली सुई जमिनीवर. मी उठवायला निघाले तर मास्तर म्हणाले, राहू दे, तू तुझं कर. त्यांची नजर सारखी घड्याळावर. मला वीस मिनिटं लागली. बटण दाबलं, पंखे फिरले आणि काकू ताडकन उठून बसल्या.

उठल्या त्या चपला घालून सरळ बाहेर. टायरवाल्यापर्यंत गेल्या, तिथे थांबून मागे वळून पाहिलं, मग कोपऱ्यापर्यंत गेल्या, मग दिसेनाशा झाल्या. मास्तर दारात उभे होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. बायको चार पावलं फिरायला गेली म्हणून रडणारा नवरा मी पहिल्यांदाच पाहिला.

आता खुर्चीत मी. चाचणीसाठी एकच गेम पुन्हा पुन्हा चालतो. घोडेस्वार पूल ओलांडतो, मागे शहर पेट घेतं, की परत पहिल्यापासून. भिंतीतून किती वीज येते ते मीटर दाखवतो. सप्लाय स्वतः थोडी वाया घालवतो, ते धरून ६८० यायला हवी. बरोबर ६८० येते आहे. आहेच मी हुशार.

गुरुवार, ६

सकाळी वर आंघोळीला गेले तर जिन्यात तीनदा बसावं लागलं. प्रवासाचा शीण असेल. खाली येऊन खुर्चीत टेकले आणि हुशारी वाटली.

मीटर ६६०. हे विचित्र आहे. सप्लाय कमी पडला तर मशीन अडखळतं, बंद पडतं. इथे गेम लोण्यासारखा चाललाय, कार्ड पूर्ण ३५० खातंय, आणि भिंतीतून वीस वॅट कमी येताहेत. मीटर बिघडला म्हणून दुसरा लावला. तोही ६६०. वीज काय आभाळातून पडते?

शहर पेट घेतं तेव्हा माझ्या बोटांना गार लागतं. दर चार मिनिटांनी. दुपारभर वेळ लावून पाहिली.

काकू संध्याकाळी आल्या. चपलांना चिखल, केस विस्कटलेले, गाल लाल. माझ्याकडे न बघता अंगातला एक स्वेटर काढला, माझ्या मांडीवर ठेवला आणि बॅग भरायला गेल्या. त्यांच्या बहिणीकडे निघाल्यात म्हणे.

शुक्रवार, ७

मीटर ६४०.

काकूंचा स्वेटर घातलाय. खोली तापलेली आहे, मास्तर घामानं निथळताहेत, माझे दात वाजताहेत. थर्मामीटर लावला, पस्तीस. काउंटरपर्यंत चालत गेले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. काउंटर खुर्चीपासून अकरा पावलांवर आहे. काल जिना चढले होते.

ताईचा फोन आला होता. बरं चाललंय म्हटलं.

उद्या सकाळी बहात्तर तास भरतात. मशीन बंद करीन, वर जाऊन दोन पांघरुणं घेऊन झोपेन. मास्तरांना तसं म्हटलं तर त्यांनी मान खाली घातली.

शनिवार, ८

हे दुपारी लिहितेय. सकाळी दहाला बहात्तर तास भरले. मी बटण दाबलं. पंखे थांबल्याचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर, मास्तर माझ्या छातीवर दाब देत होते आणि मशीन चालू होतं.

नाडी थांबली होती, म्हणाले. मशीन चालू केल्यावर परत आली.

मी दाराकडे निघाले. उंबऱ्याशी पाय विझले. दुसरा शब्द नाही. दुखलं नाही, वळले नाहीत, विझले. सरपटत खुर्चीशी आले तसे पुन्हा जिवंत झाले. दार सताड उघडं आहे. टायरवाला समोर चहा पितोय, मला हात करतोय.

रविवार, ९

मास्तरांनी सगळं सांगितलं. वर्गापुढे राहावं तसे उभे राहून.

ते कार्ड ज्या मशीनमधून आलं त्याचा मालक चार दिवस खेळत बसला आणि मग उठलाच नाही. हे त्यांना नंतर कळलं. काकूंनी जोडलं तेव्हा सप्लाय तोकडा होता. जेवढं कमी पडलं तेवढं मशीननं बसणाऱ्या बाईतून घेतलं. बंद केलं की काकू बंद. दोघा माणसांनी उचलून गाडीपर्यंत नेलं तर श्वास थांबला, तसंच परत आणलं. कार्ड काढून पाहिलं, काकू जाग्या होईनात, परत बसवलं. हजारचा सप्लाय लावला, फरक शून्य. वीज सोपी वाट धरते. माणसातून वाट सापडल्यावर ती भिंतीकडे कशाला जाईल?

सुटका एकच. कोरा सप्लाय, नवी सही, नवा बसणारा. मग जुना सुटतो. मास्तरांनी स्वतः बसून पाहिलं. त्यांच्या हृदयाला यंत्र बसवलेलं आहे, त्यांना मशीन घेत नाही. मग त्यांनी फॉर्मवर ती ओळ छापली. बसणाऱ्याचे नव्वद आधीच धरले तर मशीनला माणसाला हात लावायची गरज पडणार नाही, असा त्यांचा विश्वास. करून पाहिलेलं मात्र नाही. पाहायचं होतं ते माझ्यावर, आणि मी काट मारली.

मी विचारलं, काट दिसली तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत.

"सांगितलं असतं, तर तू बसली असतीस?" ते म्हणाले.

नसते बसले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मला त्यांचा राग येतो आणि तेवढाच माझाही. नव्वद वॅट. खोलीतला दिवा जास्त खात असेल.

सोमवार, १०

मीटर ६१५. अंग चौतीस.

डॉक्टर येऊन गेले. त्यांनी उबेत राहायला सांगितलं. तीन हीटर लावलेत. हीटरची ऊब कातडीपर्यंत येते, आत शिरत नाही.

मास्तर म्हणतात दुसरं माणूस बोलावू, या वेळी ओळ नीट भरून. आधी मी नाही म्हटलं. कुणाच्या तरी लेकीला आणून इथे बसवायचं, तेही न करून पाहिलेल्या बेरजेवर.

दुपारी शहर पेटलं तेव्हा श्वास अडला. शुद्ध आल्यावर मीच म्हटलं, जाहिरात द्या.

लिहून ठेवते, कारण खरं लिहायचं ठरलंय. मी हो म्हटलं. त्या मुलीला सगळं सांगा, असंही म्हटलं नाही.

मंगळवार, ११

६०५. बोटं पेन धरत नाहीत. खुर्चीपासून दोन पावलं, बस.

ताईचा फोन घेतला नाही. पाच वेळा आला. मग कळवलं, कामात आहे, येऊ नकोस.

काय मूर्ख मी. येऊ नकोस म्हटल्यावर ताई घरी बसेल?

बुधवार, १२

ताई आली. सकाळीच. मला बघितलं आणि हात चोळत बसली. माझे. तिचे हात भट्टीसारखे. मी माझे ओढून घेतले. मग ही वही घेतली आणि वाचत बसली. पहिल्या पानापासून.

वाचून झाल्यावर मास्तरांना बाहेर घेऊन गेली. काउंटरशी बोलताहेत. मी ओरडतेय, नाही म्हणतेय, आवाज फुटत नाही. ताई शिवणकाम करते. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. मास्तरांना विचारतेय, बेरीज पुन्हा सांगा —

फळीवरून खोकं काढल्याचा आवाज. ताई, नको. मी —

"तू झोप शहाणे, मी आहे ना," म्हणाली. तिचा हात बटणावर —

बुधवार, दुपारी

मी उभी आहे. दारात. उंबऱ्याच्या बाहेर.

मला विचारलंच नाही. मी बंद होते तेवढ्यात त्यांनी सप्लाय बदलला. फॉर्मवर ताईचं गोल अक्षर. बसणारा – ९०. बेरीज ७००. वीस टक्के धरून ८४०. साडेआठशेचा सप्लाय. ताईची सही.

भांडले, रडले. ती हसतेय. मीटर ७८० दाखवतो. तिचे नव्वद भिंतीतूनच येताहेत. ताई रस्त्यापर्यंत जाऊन आली, टायरवाल्याशी बोलून आली. अंग सदतीस. मास्तर भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हणाले, बरोबर होतं माझं. मला त्यांना मारावंसं वाटलं आणि मिठीही मारावीशी वाटली.

शनिवारी बहात्तर तास भरतील, बंद करू, दोघी घरी.

गुरुवार, १३, सकाळी

७८०. ताई दोनदा जेवली. माझे केस विंचरून दिले. मी सहा वर्षांची असल्यासारखे.

गुरुवार, दुपारी

७७२.

वायरी तपासल्या. मीटर बदलला. बेरीज तीनदा केली. बरोबर आहे. ताईला थकवा नाही. अंग सदतीस. हात गरम.

७७०. बेरीज बरोबर आहे. मग कुठून —

ताईला विचारलं, कुठे काही होतंय का. म्हणाली, काही नाही गं, पोटात जरा गार वाटतंय.

मग म्हणाली, घरी गेल्यावर सांगणार होते. तिसरा महिना आहे. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर. भाऊजींनाही अजून —

एकच ओळ भरली. एकाचीच. दोघं बसलीत.

चार वाजता

७६४.

मास्तरांना सांगितलं. खडू हातातून पडला. सोपी वाट. ते सगळ्यात सोपं —

ताईला दाराबाहेर नेलं तर आतलं विझेल, माझे पाय विझले तसं. कोरा सप्लाय फळीवर एकच. साडेचारशेचा. मास्तरांनी फोन केले, मोठा उद्या येईल. उद्या.

६१० मधून ४५० गेले. उरले १६०. माझ्याकडे नव्वदच आहेत. पुरणार नाही. पुरायला नकोच. मशीन तिला उठवण्याइतकं चाललं, झालं.

फॉर्म भरला. सही केली. नवी सही, नवी बसणारी, म्हणजे ताई सुटते. या वेळी मास्तर बोलले. नको पोरी म्हणाले. मी म्हटलं, सही माझी.

बदलताना ताई बंद राहील. आणि तिच्याबरोबर — वीस मिनिटं लागली होती मला. दहात करीन. आठ. स्क्रू काढून ठेवलेत. वायरी ओळीनं मांडल्यात. फक्त बटण —

ताईला काही सांगितलं नाही. ती विचारतेय, काय लिहितेस. म्हटलं, बरं चाललंय.

७५१ —

ताई म्हणतेय, आता गार नाही वाटत. म्हणतेय, आता तिथे काहीच वाट—